तिकीटवाल्याची बायको परदेशी निघाली
ट्रॅव्हल ऑफिसातल्या तिकीटवाल्याने आजवर अर्धं गाव विमानात बसवलं होतं. स्वतः मात्र तो विमानतळाच्या दारापलीकडे कधी गेला नव्हता. पोरगी मोठी झाल्यावर बायकोने पर्यटनाच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा तो हसला होता. पण तिला परदेशातल्या हॉटेलात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आणि ते हसू पार मावळलं.

"पोरीचं काय? आईचं पथ्यपाणी कोण बघणार?"

"मला कशाला पुढे करतोस?" आई आतून म्हणाली. "तुझ्या पोटात का दुखतंय ते सांग."

जेवताना त्याने पुन्हा उकरून काढलं. "चादरी बदलायला एवढ्या लांब? इथे काय कमी आहेत?"

"चादरी सगळीकडे सारख्याच हो," बायको म्हणाली. "वर्गातल्या पोरी म्हणतात, भाषा सुधारेल, पुढे नोकरी चांगली लागेल. तेही खरंच. पण मला एकदा अशा जागी राहायचंय, जिथे मी अमक्याची बायको, तमक्याची सून नसेन. काम जमलं तर माझं, फसलं तरी माझं."

नेमकं हेच कितीतरी वर्षं त्याच्या मनात होतं, आणि ही बया ते आमटी वाढता वाढता बोलून मोकळी झाली! त्याचा नुसता जळफळाट झाला.

तिकीट त्यानेच काढलं. खिडक्या रिकाम्या असूनही त्याने तिला शेवटच्या रांगेतली मधली जागा दिली, संडासाला लागून. "सगळं भरलंय," असं घरी ठोकून दिलं.

पोचल्यावर तिचा फोन आला. "अहो, विमानात शेजारच्या आजींनी मला खिडकीत बसवलं! खाली नुसते ढग!"

"बरं, बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढे एकदा फोनवर ती रडकुंडीला आली. पाय सुजले होते, हॉटेलातली साहेबीण सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलली होती. त्याला आतून गुदगुल्या झाल्या. "मग ये परत," तो लगेच म्हणाला.

"छे! मुदत वाढवून मिळते का, ते विचारणार आहे."

त्या संध्याकाळी त्याने आईला विचारलं, "मी पासपोर्ट काढू?"

"काढ की. आधी भांडी घास."

त्याने भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढायला गेला. चेहरा पार आंबट आला होता.

"पुन्हा काढू का?" त्याने विचारलं.

"नको साहेब," फोटोवाला म्हणाला. "पासपोर्टला असाच चालतो."