कपिलेचा नाताळ

सरकारी दवाखान्यातल्या माझ्या उभ्या नोकरीत माझ्यामुळे माणूस एकही दगावला नाही. गाय मात्र एक दगावता दगावता वाचली.

माणसं दगावली नाहीत याचं श्रेय माझं नाही. मी कंपाउंडर. डॉक्टरसाहेब सांगतील ते बाटलीत ओतायचं आणि बाटलीला डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवायची, एवढाच माझा वैद्यकाशी संबंध. गाईचं श्रेय मात्र दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. ते आमच्याच घरचं.

विसाव्या सालानंतर केव्हातरी नगरकडून माझी बदली कर्जतला झाली. बरोबर सगुणा, म्हणजे माझी पत्नी, आणि आमचा धर्म. धर्माची तिथे फार अडचण झाली नाही; अडचण झाली ती त्याला सोबत नव्हती याची. अख्ख्या गावात मराठी बोलणारं ख्रिस्ती घर आमचं एकच. रुळांपलीकडे रेल्वेच्या साहेबलोकांचं देऊळ, म्हणजे चर्च, होतं, तिथे मी पहिल्या रविवारी कोट घालून गेलो. दारात एक मडम उभी होती. तिने माझ्याकडे पाहून समाधानाचा सुस्कारा सोडला आणि मला खुर्च्या दाखवल्या. मी त्या मांडल्या. (नीट मांडल्या. उपासनेनंतर उचलायलाही तिने मलाच हाक मारली.)

तेव्हापासून आमची उपासना घरीच. मी उपदेश करी, सगुणा ऐके. गाणंही दोघंच म्हणत असू. तिकडे घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडत आणि त्याची शिटी बरोबर आमच्या दुसऱ्या कडव्यात येई. उपदेश लांबला की मंडळी पेंगू लागे. मंडळी एकच असल्यामुळे ते लपत नसे.

सगुणाचं माहेर मोठं. तिथे नाताळ म्हणजे सबंध आठवडा या घरातून त्या घरात. इथे तिच्या दारावरून आळीतल्या बायका घागरी घेऊन जात, हसत, विचारपूस करत आणि उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडूनच वळत. वाईट कुणीच नव्हतं. वाईट माणसांशी भांडता तरी येतं.

नाताळ दोन दिवसांवर आला तशी ती म्हणाली, "अहो, यंदा मी आळीत फराळ वाटणार."

"कुणी खाणार नाही."

"तुम्हीच ना परवा तासभर सांगत होता, शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून?"

"तो उपदेश होता."

"मग ही करंजी आहे," असं म्हणून ती रवा भिजवायला गेली.

करंजीची मुरड ज्या-त्या घरची निराळी असते. सगुणाची मुरड तिच्या आजीची होती: बारीक, दुहेरी, वेणी घातल्यासारखी. एकेका करंजीला ती इतका वेळ लावी की मी म्हणालो, "अगं, खाणारा कडा बघत बसत नाही." ती म्हणाली, "बायका बघतात."

नाताळच्या दिवशी ताटं निघाली. वाटायला मी गेलो आणि प्रत्येक दारात बंधुभावावर थोडं बोललो. (थोडं म्हणजे, पहिल्या दारात चिरोटे गरम होते आणि शेवटच्या दारात नव्हते.) सगळ्यांनी ताटं घेतली. "ठेवा हं, त्या ओट्यावर ठेवा." फक्त धान्याचे व्यापारी हरिभाऊ सरळ म्हणाले, "कंपाउंडर, आमच्यात चालत नाही. राग मानू नका, परत न्या." मी राग मानला. घरी येऊन सगुणाला सांगितलं, "अडाणी माणूस आहे."

याउलट नाना वकील. लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर आलेली, नाना उमेदवार आणि मतदारांत कसा कोण जाणे, माझाही नंबर लागलेला. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि मानवजात, पूर्व, पश्चिम आणि कर्जत तालुका यांच्यावर असं बोलले की माझ्या तोंडचं भाषण ओशाळून आत गेलं.

शेवटचं घर गोदूकाकूंचं. काकू सोवळ्यातल्या विधवा, एकट्या, एका गाईच्या दुधावर त्यांचं घर चाले. त्या दारही पुरतं उघडत नसत. फटीतून हात बाहेर आला, ताट आत गेलं, फट मिटली.

दुसऱ्या दिवशी ताटं परत आली. स्वच्छ घासलेली, आणि रिकामी पाठवू नयेत म्हणून प्रत्येकात चिमूटभर साखर. शिवाय निरोप. "करंजी अगदी खुसखुशीत." "चिरोटे तोंडात विरघळले." नाना वकील तर स्वतः फाटकाशी येऊन म्हणाले, "सारणात जायफळ घातलंत ना? वा. ओळखलं मी."

सगुणाने ती सगळी साखर एका डब्यात ठेवली. चहाला वापरू देईना. आणि इंग्रजी नव्या वर्षाला तिने पहिल्याच्या दुप्पट फराळ केला.

मला वाटतं, आळीला तो धक्का होता. पण वाखाणलेली वस्तू परत कशी करणार? ताटं पुन्हा आत गेली.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात एकटाच होतो. (नाताळची रजा डॉक्टरसाहेबांनी घेतली होती, ते पुण्याचे देशस्थ.) इतक्यात आळीची गुरं राखणारा राणू धावत आला.

"कंपाउंडर, चला. काकूंची कपिला फुगली हाय."

"अरे, मी माणसांचा कंपाउंडर. गुरांचा डॉक्टर कुठाय?"

"त्यो खालापूरकडं गेलाय. आन् माणसांना देता त्यातलंच द्या की. जरा जास्ती द्या."

गेलो. गोठ्यापुढे सबंध आळी उभी होती. कपिला डाव्या बाजूने नगाऱ्यासारखी ताठ झाली होती, जीभ बाहेर, श्वास अडकलेला. गोदूकाकू पदर डोक्यावर ओढून खांबाशी बसल्या होत्या. त्यांना रडतानाही कुणाच्या नजरेला पडायची सवय नव्हती. गाय गेली तर काकूंचं काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, "हिने खाल्लं काय?"

"गवत," नाना वकील म्हणाले.

"रोजचंच," आणखी कुणी म्हणालं.

"गवताने अशी फुगत नाही. काय खाल्लं ते कळल्याशिवाय औषध कसं देऊ? नुसतं गवत असेल तर एक, दुसरं काही असेल तर दुसरं."

मग मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "परधर्माच्या माणसांनी आळीत काय काय आणलंय, देवाला ठाऊक." आवाज हलका होता, पण सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. गोठा, मरायला टेकलेली गाय, आणि मध्ये मी. नानांनी घसा साफ केला. ते बंधुभावावर बोलतील अशी मला आशा वाटली. ते म्हणाले, "चौकशी व्हायला हवी."

तेवढ्यात सगुणा आली. राणूकडून तिने ऐकलं होतं, म्हणून घरातलं गोडेतेल, ओवा आणि हिंग घेऊन आली होती. ती गव्हाणीशी वाकली आणि तशीच राहिली. मग हात घालून तिने कडब्यातून काहीतरी उचललं.

अर्धी करंजी होती. कड शाबूत. बारीक, दुहेरी, वेणीसारखी.

बायका कडा बघतात हे तिचं म्हणणं खरं होतं. तिथल्या एकूण एक बाईने ती कड ओळखली आणि जमिनीकडे पाहिलं.

सगुणा माझ्याकडे वळून म्हणाली, "तळलेलं आहे, रवा आहे, खोबरं आहे. आता द्या औषध."

"पण किती खाल्लं?" मी म्हणालो. "ते तर सांगा कुणीतरी. गाय मरतेय."

पहिल्यांदा जोशीबाई बोलल्या. "माझं एकच ताट. अन्न टाकू नये म्हणून गाईला घातलं. गाईच्या मुखी गेलं म्हणजे..."

"तुम्ही पण?" देशमुखीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं मी एकटीच."

"अहो, पण तुम्ही तर म्हणालात चिरोटे विरघळले," मी म्हणालो.

"विरघळले असतीलच की. तिच्या तोंडात."

मग बांधच फुटला. आमचंही एकच, आमचंही एकच, असं करता करता आळीतलं एकूण एक ताट, दोन्ही खेपांचं, कपिलेच्या पोटात जाऊन पोचलं. एरवी मी हसलो असतो. आमच्यापुढे त्यांना लाज वाटत नव्हती. त्यांना एकमेकांचा राग आला होता. जो तो दुसऱ्याला सांगत होता की तू घालणार हे आधी कळलं असतं, तर मी दुसरी गाय पाहिली असती.

"आणि नाना, तुम्ही जायफळ ओळखलंत," मी म्हणालो.

नाना वकिलांनी क्षणभर विचार केला. "वासावरून," ते म्हणाले.

"काकू, तुमचं ताट?" जोशीबाईंनी विचारलं.

पदराआडून आवाज आला, "मीही तिलाच घातलं." आळीला बरं वाटलं. कुणी बाहेर राहिलं नव्हतं.

दवाखान्यातून मी टर्पेंटाइन आणवलं. ते गोडेतेलात मिसळलं, ओवा-हिंग घातलं, राणूने जबडा धरला, आणि बांबूच्या नळ्याने मी ते कपिलेच्या घशात ओतलं. पहिलं माप तिने माझ्या कोटावर ओतलं. दुसरं गिळलं. मग तिच्या तोंडात आडवी काठी बांधली आणि मी व राणू तिची कूस चोळत बसलो. आळी उभीच होती. आमच्या हातचं औषध गाईच्या पोटात जाताना कुणी हरकत घेतली नाही. औषधाला विटाळ नसतो.

सूर्य माथेरानच्या डोंगरामागे गेला तेव्हा कपिलेने मान ताणली आणि माझ्या तोंडावर ढेकर दिली. इतकी लांब, इतकी मनापासूनची ढेकर मी कुठल्या लग्नाच्या पंगतीतही ऐकलेली नाही. तिला जायफळाचा वास होता. नाना अगदीच खोटं बोलले नव्हते.

"जगली," राणू म्हणाला. "कंपाउंडर, खरा नाताळ केला तो हिनंच."

सगळे हसले. सगुणाही हसली, आणि घरी जाऊन तिने साखरेचा डबा उघडून माझ्या चहात मूठभर साखर टाकली. तो चहा पिववत नव्हता, पण मी प्यायलो. दर रविवारी तासभर बोलणारा माणूस मी. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "पुढच्या वर्षी नको करूस." ती म्हणाली, "नाही करत." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

(निवडणुकीत मी मत कुणाला दिलं ते सांगू नये म्हणतात. हरिभाऊ उभे होते आणि पडले, एवढं सांगतो. ते पडले तेव्हा वाईट वाटणारं आमचं एक घर होतं.)

कपिला वाचल्यानंतर दोन दिवसांनी, आळी दुपारची निजली असताना, मागच्या दाराची कडी वाजली. गोदूकाकू. त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. कुणाच्याच जात नसत, त्यांना कुणी बोलावतही नसे. उंबऱ्यापाशी थबकल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि आत आल्या.

"सगुणा, ऐक गं," त्या म्हणाल्या. "परवा मी सगळ्यांदेखत खोटं बोलले. माझं ताट गाईला नाही घातलं. दोन्ही वेळचं मी खाल्लं."

सगुणाने मागचं दार हलकेच लोटून घेतलं.

"एवढी वर्षं झाली, सणाचं ताट माझ्या दारावरून पुढे जातं. तुमचं आत आलं. मग दार लावून घेतलं आणि खाल्लं. आळीला कळलं तर माझ्याकडचं दूध कुणी घेणार नाही. तेव्हा बोलू नका कुठे."

"नाही बोलत काकू," सगुणा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आवडलं का पण?"

काकूंनी जरा विचार केला. "चिरोटे बरे होते. अनारसे जाळीदार. करंजीची मुरड तर देखणी." मग त्या पुढे वाकल्या. "पण सारण गं, फारच कोरडं. घशाखाली उतरेना. खोबरं करपवलं होतंस."

आमच्या लग्नापासून सगुणाचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. सगळ्या आळीने वाखाणलं होतं. प्रत्यक्ष खाणारं माणूस हे एकच होतं. तिने पाट मांडला, काकूंचा हात धरून त्यांना बसवलं आणि आनंदाने सांगितलं,

"काकू, सारण यांनी भाजलं होतं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, "तरीच गाय फुगली."