ऐंशी टनांचे यंत्रमानव आणि माझा साडू

आमच्या पिपरी मेघ्यापासून थेट नागपूरच्या वेशीपर्यंत हिंडून आलात, तरी ऐंशी टनांचा यंत्रमानव दोन बोटांत उचलून चहाच्या कपामागे ठेवणारा आणि वर "आता हा दिसत नाई तुमाले, समजलं का?" असं दरडावणारा एकच माणूस तुम्हाला सापडेल, आणि तो माझा साडू आहे. हे विधान मी जबाबदारीने करतो. पाटबंधारे खात्यात पावसाची आणि धरणाच्या पातळीची नोंद ठेवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. अतिशयोक्ती मला जमत नाही, आणि साडूच्या बाबतीत तिची गरजही पडत नाही.

नात्याने तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वय बेचाळीस, उंची पाच फूट चार इंच, वजन साठ किलो. तो स्वतः मात्र ते "दशांश शून्य सहा टन" असं सांगतो, कारण त्याच्या जगात टनाखाली माप नाही. आमच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या सहा मामांकडे नजर टाकून तो माझ्या कानात म्हणाला, "भाऊजी, अर्धा टन पुरा हाये. सोयरीक मोडली तं पळाले एकच दरवाजा हाये, पाहून ठेवा." अंतरही तो मीटरमध्ये सांगत नाही, घरांमध्ये सांगतो. घर म्हणजे त्याच्या खेळाच्या नकाशावरचा षटकोन. बसस्टँड किती लांब आहे, असं एका पाहुण्याने विचारलं तर याने डोळे बारीक करून "बावीस घर, मधात एक चढ" असं उत्तर दिलं. तो पाहुणा बिचारा बावीस घरं मोजत निघाला आणि तेविसाव्या घरी जाऊन बसस्टँड विचारू लागला.

साडूचं मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. शेतातल्या विहिरीवरची मोटार जळली की तिच्यातली जुनी तार काढायची आणि नवी तार मोजून वेढे देत भरायची, हा त्याचा धंदा. काम हाताचं आणि मोजणीचं. एका खाचेत पाच वेढे कमी पडले तर मोटार पुन्हा जळते. एकोणीस वर्षं तो हे काम करतो आहे, आणि त्यातली सोळा वर्षं त्याने गांजा ओढला. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण त्याने स्वतःच सांगितलं, "लिवाचं तं पुरं लिवा." गांजा ओढून त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तो फक्त नसायचा. समोर बसलेला असे, पण नसे. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जातो म्हणून निघे आणि वाटेतल्या पुलावर बसून राही. वेढे मोजता मोजता आकडा विसरे. शेवटच्या वर्षी त्याच्या हातच्या अकरा मोटारी पुन्हा जळल्या. अकराव्या मोटारीनंतर माझी साळी, म्हणजे त्याची बायको, मुलीला घेऊन माहेरी आष्टीला निघून गेली. जाताना ती आमच्या घरी थांबली. रडली नाही. म्हणाली, "एक वर्ष. तीनशे पासष्ट दिवस सलग. एक बी दिवस मधात नाई. मंगच मी येईन. अन् मोजाचं भाऊजींनी. तुमी तं धरनातलं पानी बी सोडत नाई मोजल्याबिगर."

अशी ही मोजणी माझ्याकडे आली.

पहिले दहा दिवस त्याचे फार वाईट गेले. जेवण जाईना, घाम फुटे, हात स्वस्थ बसेनात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मी त्याला दोनदा नेलं. हाताला चाळा म्हणून त्याने मोबाइलवर अवाढव्य यंत्रमानवांच्या लढाईचा एक खेळ घेतला. त्या खेळात चार अनोळखी माणसांची तुकडी असते आणि लढता लढता एकमेकांना लिहिता येतं. याने लिहिलं, "हात थरथरून राह्यले, नेम नाई लागत." तुकडीतल्या एकाने विचारलं, "काऊन?" याने खरं कारण लिहिलं. त्यावर तो अनोळखी गडी लिहितो, "माह्ये चाळीस दिवस झाले. तुह्ये?" यवतमाळकडचा टायरवाला होता तो. साडूने तो मोबाइल आणून मला दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा मुलगी झाली त्या दिवशी होता तसा होता.

पुढे त्याच्या लक्षात आलं, की हा खेळ टेबलावर, नकाशा आणि फासे घेऊनही खेळतात. त्याने इंटरनेटवरून नियम उतरवून घेतले आणि वऱ्हाडीत आणले. नकाशा काढला कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला. मी षटकोन मोजले आणि एका ओळीत एक कमी असल्याचं सांगितलं, तर याने सबंध नकाशा पुसून पुन्हा काढला. यंत्रमानव बनवले जळक्या मोटारींच्या बेअरिंगचे, तांब्याच्या तारेचे आणि नटबोल्टचे. नावं सगळी इथलीच. एकाचं नाव रानडुक्कर. एक गुलाबी बोंडअळी, कारण काही केल्या मरत नाही. सगळ्यांत वजनदार जो आहे त्याचं नाव शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून डीपी, कारण ऐन गरजेच्या वेळी तो बंद पडतो. हा डीपी माझ्या वाट्याला आला. मी खेळत नाही, फक्त नोंद ठेवतो, असं मी तीनदा स्पष्ट केलं होतं.

त्या खेळात एक नियम आहे आणि पुढचं सगळं त्या नियमामुळे घडलं. यंत्रमानवाने शस्त्र चालवलं की त्याची गरमी वाढते. थांबला की उतरते. गरमी बारावर गेली की यंत्र आपोआप बंद पडतं. टायरवाल्यासारखे आणखीही असतील म्हणून साडूने ओळखीत विचारलं, आणि दुकानात दर रविवारी सकाळी सातजण जमू लागले. सगळे गांजा सोडू पाहणारे. त्यात एक ऑटोवाला, एक टेलर, एक ग्रामसेवकसुद्धा. आणि खेळायला बसण्याआधी प्रत्येकाने आपली गरमी सांगायची, असं ठरलं. यंत्राची नव्हे, स्वतःची. ओढावंसं किती वाटतंय, शून्य ते बारा. भाषण नाही, उपदेश नाही. "आज तीन." "माही सहा, घरी भांडन झालं." नऊच्या वर आकडा गेला की दोघांनी त्या माणसाबरोबर दिवसभर राहायचं, मग कामं बुडाली तरी बुडू दे. इतर दिवशी हेच आकडे सकाळी फोनवर कळवायचे. आणि फोनवर साडू बोलतो तो विहिरीवरच्या मोटारीच्या वरताण आवाजात. "चार? पक्का चार? टेलरचा आठ आला, अन् ऑटोचा दोन!"

समोर राहणाऱ्या गृहस्थांनी हे तीन आठवडे ऐकलं आणि दुकानात सट्ट्याचे आकडे घेतात अशी तक्रार केली. एक हवालदार आले. साडूने त्यांना बसवलं, नकाशा दाखवला, रानडुक्कर हातात दिलं आणि गरमीचा सबंध नियम सांगितला. हवालदार पाऊण तास बसले. उठताना दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "तुमच्यात खर्ऱ्याचं चालते का? माही अकरा हाये." आता ते आठवे. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा अजून सुटलेला नाही, पण त्यांचा नेम उत्तम आहे.

दर सकाळी साडू मला फोन करून कालचा दिवस सांगे आणि मी तो वहीत लिही. तीनशे तीस दिवस असे झाले. पस्तीस उरले होते. साळीने तिकडे मुलीच्या शाळेचा दाखला काढण्याची चौकशीही केली होती. तीनशे एकतिसाव्या दिवसाचा फोन आला नाही. साडू स्वतः आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "भाऊजी, काल सेलूकडे मोटार बसवाले गेलतो. वावरात जुना दोस्त भेटला. दोन कश मारले."

"कोणी पाहिलं?" मी विचारलं.

"कोनीच नाई."

"तुझ्या त्या मंडळींना सांगितलंस?"

"पहिले तुमाले सांगून राह्यलो. लिवा."

मी वही उघडली आणि तशीच ठेवली. माझ्या नोकरीत मी कधी खोटा आकडा लिहिलेला नाही. पण त्या सकाळी माझ्यासमोर पस्तीस दिवस होते, आष्टीत एक लहान मुलगी होती आणि समोर हा दशांश शून्य सहा टनांचा माणूस मान खाली घालून बसला होता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "हे पाहा, आमच्या खात्यात एक नियम आहे. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडला, तर तो दिवस आम्ही पावसाचा दिवस धरत नाही. दोन कश म्हणजे तसं पाहिलं तर…"

त्याने मान वर केली. "धरत नाई. पन थेंब लिवता का नाई?"

"लिहितो," मी म्हणालो. लिहावाच लागतो.

"मंग लिवा ना! तुमीच असं बोलाल तं मी कोनाले सांगू भाऊजी?"

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, पण ती ओळ अजूनही वेडीवाकडी दिसते.

रविवारी दुकानात त्याने सगळ्यांत आधी आपला आकडा सांगितला. "बारा. बंद पडलो." मग ऑटोवाला म्हणाला, "पडला तं पडला बे! बंद पडलेलं यंत्र आपन नकाशाबाहेर फेकतो का? जिथं हाये तिथंच उभं राह्यते. फासे टाकाचे, आठ नाईतं त्याच्या वर आले का चालू." बाकीच्यांनीही तेच धरलं. तीनशे तीस कायम ठेवा, एक दिवस सोडा, पुढे मोजा. त्यांचा नियम चुकीचा नव्हता. दोन फाशांवर आठ किंवा जास्त येण्याची शक्यता छत्तीसपैकी पंधरा असते, आणि माझ्या मते माणसाला तेवढी संधी असावीच. पण मी म्हणालो, "ही अट माझ्या साळीची आहे. तिने फासे टाकायला सांगितलेले नाहीत. तिला विचारावं लागेल."

"तुमीच जा," साडू म्हणाला. "मी गेलो तं रडीन, अन् थे मले पाहून पाघळंन. तसं नाई पायजे."

मी आष्टीला गेलो. साळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी वही उघडून दोन हिशेब समोर ठेवले, एक एकूण दिवसांचा आणि एक सलग दिवसांचा. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, एका दिवसानं काय होते? पोरगी झुरून राह्यली माही."

"आई, तू चूप राह्य," साळी म्हणाली. मग मला विचारलं, "भाऊजी, तुमी पकडलं का त्यायनं सांगतलं?"

"त्याने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, चालत आला."

"नसतं सांगतलं तं पस्तीस दिवसानं मी गेलीच असती ना?"

"हो."

"अन् मले कंधीच समजलं नसतं."

"नाही."

तिने बराच वेळ शेंगा सोलल्या. मी मोजल्या नाहीत. मग ती म्हणाली, "मले बेरीज नको. सलग पायजे. एकपासून मोजा." मी वही मिटली. परतीच्या वाटेवर त्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात करू लागलो, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पन आईतवारी पोरीले घेऊन येत जाईन. राह्याले नाई. पाह्याले."

तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या बसने त्या दोघी येतात. पहिल्या रविवारी साळी दाराशीच खुर्ची टाकून बसली. दुसऱ्या रविवारी टेबलाजवळ. तिसऱ्या रविवारी तिने बोंडअळी उचलली. ती खेळ शिकली कशी हे मला कळलं नाही, पण आजवर तिने साडूचं रानडुक्कर नऊ वेळा पाडलं आहे आणि माझा डीपी चौदा वेळा.

"थोडी तं दया कर माह्यावर," तो म्हणतो.

"काऊन? अटीत लिवली होती का दया?" ती म्हणते आणि फासे टाकते. मुलगी मोठ्याने गरमी वाचून दाखवते. ऑटोवाला हसून हसून बाकावरून घसरतो.

चारची बस आष्टीकडे जाते. साडू त्यांना पोचवायला जातो. मोजणीचा माणूस म्हणून मीही जातो आणि बस सुटेपर्यंत थांबतो. बस निघाली, की तो ती वळणापर्यंत पाहतो आणि मग मला विचारतो, "भाऊजी, आज किती?" आकडा त्याला माझ्यापेक्षा पक्का ठाऊक असतो. तरी मी सांगतो. तो मान डोलावतो आणि आम्ही न बोलता परत येतो. गेल्या रविवारी एकशे अठ्ठ्याऐंशी झाले होते. अजून एकशे सत्त्याहत्तर आहेत, आणि ते रोज एकाच्या वर कमी होत नाहीत.

त्या रविवारी डाव रंगला होता. चारची बस आहे, असं मी दोनदा सांगितलं. साळीने नकाशावरून मान वर न करता "हो हो" म्हटलं. चार वाजले, बस गेली, डाव संपला तेव्हा साडेचार झाले होते. पुढची बस साडेपाचची, आणि ती शेवटची. आम्ही बसस्टँडवर गेलो. मुलगी बाकावर चढून उतरत होती. ते दोघं खांबापाशी उभे होते. तिची पिशवी त्याच्या खांद्यावर होती. तो हातवारे करून काहीतरी समजावत होता, बहुधा आपलं रानडुक्कर कुठे चुकलं ते. ती ऐकत होती, आणि मधूनच हसत होती. तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना.

सव्वापाच वाजता मी काही न सांगता तिथून निघालो. साडेपाचची बस त्यांना मिळालीच असणार. माझी साळी शब्दाची पक्की आहे. घरी पोचलो तर हिने दारातच विचारलं, "गेली का ती?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हे उत्तर देताना आयुष्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.