समुद्राकाठी आक्काचं पाल

आक्का कुठंही बसायच्या आधी जमीन बघायची. उतार कुणीकडं, वारा कुठून, पाऊस आला तर पाणी कुठं थांबेल, हे सगळं तिचे डोळे एका फेरीत टिपायचे आणि मगच ती टेकायची. मुंबईच्या विमानतळावरच्या गुळगुळीत फरशीवरसुद्धा ती उभ्यानं इकडंतिकडं बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "हितलं पानी कुनीकडं जातंय गं?"

म्हसवडजवळच्या एका वाडीतली ही बाई. नऊवारी लुगडं, कपाळावर भंडारा, खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं. दुष्काळाच्या वर्षांत तिनं वाडीतल्या बायकांना जमवून शेळ्या-म्हशी जगवल्या आणि पुढं त्यांच्याच दुधाची सोसायटी काढली. ती बघायला आलेले डेन्मार्कचे पाहुणे जाताना सांगून गेले, आमच्याकडं दूधधंदा बघायला माणसं पाठवाल तेव्हा ह्या बाईंना पाठवा. म्हणून सातारा-सांगलीकडच्या पाच जणांत आक्का आली. बाकीचे तिघं बागायतदार पुरुष, त्यांतलेच एक तात्या आमचे पुढारी. पाचवी मी. कडेगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी, दुभाषी म्हणून घेतलेली.

पहिल्याच दिवशी मी तिला अहो-जाहो करायला गेले. ती म्हणाली, "मला आवं-जावं करू नगंस. मागं कोन हुबं हाय का ते वळून बगावं लागतंय." तेव्हापासून ती 'आक्का, तू' झाली आणि मी 'मास्तरीण'.

आमची राहायची सोय ऑरहूस शहराबाहेर होती. झाडांखाली हिरवळ, खाली समुद्र, आणि हिरवळीवर रांगेनं तंबू. मे-जूनचे दिवस, सुट्टीवर आलेल्या कुटुंबांनी ती जागा भरली होती. तात्यांचं तोंड पडलं. त्यांना हॉटेल अपेक्षित होतं. आक्का मात्र खुशीत होती. सगळीकडं फिरून आली आणि विचारलं, "ह्या लोकांस्नी घरं न्हाईत का?"

"आहेत की. चांगली पक्की घरं आहेत."

"मग पालात का ऱ्हात्यात?"

"सुट्टीची मजा म्हणून."

ती लुगड्याचा पदर तोंडाला लावून खूप वेळ हसली. "आमी घर न्हाई म्हनून पालात ऱ्हायलो, आनि ही घर हाय म्हनून ऱ्हात्यात. बरं हाय गड्या!"

किनाऱ्यावर अंग टाकून ऊन खाणारी माणसं बघून तिला त्यांची काळजी वाटली. "उनासाठी येवढं? धाडा की आमच्या म्हसवडाकडं. फुकाट हाय." समुद्राचं मात्र तिला अप्रूप नव्हतं. लहानपणी मेंढरांमागं कोकणात उतरायची तेव्हा तिनं तो पाहिला होता. पाण्यात पाय घातला, झटकन मागं घेतला आणि निकाल दिला, "समिंदर त्योच हाय, पर तापवाय इसारल्यात."

खटका उडाला तो तंबूच्या जागेवरून. तिथला व्यवस्थापक, लाल दाढीचा एक तरुण, त्यानं आमचे दोन्ही तंबू नळाजवळच्या सखल जागी ठोकून ठेवले होते. आक्का म्हणाली, "ही जागा न्हाई. हितं तळं हुतंय." तात्या कावले. "आक्का, त्यांचा हा रोजचा धंदा हाय. परक्या मुलकात आपली आब्रू घालवू नगंस."

आक्कानं आमच्या तंबूचे खुंट उपटले, मला दुसरी बाजू धरायला लावली आणि वरच्या अंगाला, झुडपांच्या आडोशाला तंबू नेला. पहिला खुंट ठोकताना "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" म्हणाली. मग पिशवीतून उलथनं काढून तंबूभोवती चर खणायला बसली. दाढीवाला धावत आला, हिरवळ खराब होतेय म्हणून. मी शरमेनं अर्धी झाले.

"त्याला म्हनावं, जाताना बुजवून दीन. गवत बी लावीन."

तो डोकं खाजवत निघून गेला.

त्या तंबूतच पहिल्या सकाळी आक्कानं मला विचारलं, "तू कुनाची गं?" मी शाळेत सांगायचे तेच सांगितलं, वडील शेतकरी, बागायत आहे. खरं असं होतं की माझे आईवडील मेंढरं राखणारे, आणि माझा जन्मही रानात, पालातच झाला. वडिलांच्या मागं मी आईला कडेगावला माझ्या खोलीवर आणलं होतं. शाळेतलं कुणी आलं की ती आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिला तसं मी कधी सांगितलं नव्हतं. पण बाहेर ये असंही कधी म्हणाले नव्हते. आक्कानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, "आसं व्हय," म्हणाली आणि चहा ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही एक दूधकेंद्र बघून परतलो, तोच समुद्रावरून वारा सुटला. मागून पाऊस. बघता बघता तंबू फुगले, फाटले, उडाले. सखल जागेचं खरंच तळं झालं आणि तात्यांची वळकटी त्यात तरंगायला लागली. आमच्या शेजारी एक म्हातारी बाई एकटीच तंबू टाकून होती. तिचा तंबू तिच्याच अंगावर पडला. आक्कानं कासोटा खोचला आणि पावसात उडी घेतली. आधी म्हातारीला बाहेर ओढून आमच्या तंबूत आणली, स्वतःच्या घोंगड्यात गुंडाळली, मग बाकीच्यांच्या दोऱ्या धरायला धावली. "ताण! आनखी ताण! दगड आन त्यो!" ती दाढीवाल्यावर ओरडत होती, आणि त्याला मराठीचं अक्षर ठाऊक नसताना तो बरोबर ताणत होता, बरोबर दगड आणत होता.

अर्ध्या तासानं आमच्या कोरड्या तंबूत आठ माणसं कोंबून बसली होती. चरातून पाणी खळखळत खाली जात होतं. आक्कानं स्टोव्हवर आलं घालून चहा केला. दाढीवाल्यानं दोन्ही हातांत कप धरून मला विचारलं, "ह्या बाई हे कुठं शिकल्या?"

आक्का सांगायला लागली. "जलम पालात गेला माजा. आठ म्हैनं मेंढरांमागं चालायचं, रोज नवं रान. आनि ह्या मास्तरणीचा बी जलम पालातलाच. इच्या आयला मी वळखती, तोंड तिचंच हाय. आमची पालं एकाच रानात पडायची. ही पोटात व्हती तवा ती माज्या शेजारीच व्हती."

तात्यांनी कप खाली ठेवला. मी इंग्रजीत सांगितलं, त्यांचं बालपण तंबूत गेलं. एवढंच.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "येवढ्यात संपलं? मी तर लय बोलले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं चहाचं भांडं पुन्हा स्टोव्हवर ठेवलं आणि वाट बघत बसली. माझे कान तापले होते. मग मी उरलेलं सांगितलं, मोडक्यातोडक्या वाक्यांत, माझा जन्म, माझी आई, सगळं. घोंगड्यातली म्हातारी पुढं वाकली, माझा हात धरला आणि काहीतरी बोलली. दाढीवाल्यानं मला समजावलं, "त्या म्हणतात, आम्ही वर्षभर वाट बघून पंधरा दिवस असे राहतो. तुम्ही तर जन्मल्याच अशा."

सगळ्यांत आधी हसले ते तात्या. "मग आदीच सांगायचं की, बाई! आमचा तंबू बी तुमीच दोगींनी ठोकला आसता, तर माजी वळकटी पवाय गेली नसती."

निघायच्या दिवशी आक्कानं चर बुजवला, वर गवताच्या ढेपा दाबून बसवल्या, पाणी घातलं. म्हातारीनं तिला स्वतः विणलेले लोकरी मोजे दिले. आक्कानं घोंगडंच तिच्या खांद्यावर टाकलं आणि मोकळ्या खांद्यानं घरी आली.

पुढं ती वर्षातून एकदा तरी कडेगावला यायची, आईशी तासन्‌तास बोलत बसायची. आक्काला जाऊनही आता खूप वर्षं झाली. आमच्या घरात तिनं काय केलं, ते कदाचित तिला पुरतं कळलंही नसेल.

डेन्मार्कहून परतले त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिका मला भेटायला घरी आल्या. आई सवयीनं उठून आत निघाली. मी तिचा हात धरला. "बाई, ही माझी आई. आम्ही मेंढरं राखणारे. माझा जन्म पालातला."

बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आईला नमस्कार केला. आई भांबावली, दाराशीच थांबली. मग सावकाश आली, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. मी चहा करायला आत गेले. परत आले तेव्हा आई खुर्चीत नीट मागं रेलून बसली होती आणि हातवारे करत सांगत होती, "आनि इच्या येळंला तर आसलं वारं सुटलं व्हतं बाई, की इचा बा पालाचा खांब धरून हुबा, आनि मी आतनं वरडतीया, सोडू नगासा!"

चहा निवून गेला. बाई ऐकतच राहिल्या.