हेल्मेटवाल्या ताई

"समद्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेतंय, मग आतली डी ड्राइव्हच का सोडतंय? बॅकअप तर म्या घरातल्या घरात ठेवलाय!"

आमच्या मालकांच्या ओरडण्यानं चाकणच्या वर्कशॉपचे पत्रे थरथरले. तळेगावात कुणीतरी ढग गडगडले समजून वाळवण उचललं म्हणे. पण त्यांचंही बरोबर होतं. डायांची, म्हणजे साच्यांची, सगळी ड्रॉइंग त्या डीवर, आणि डी सकाळपासून म्हाताऱ्यासारखी कण्हत होती.

दुरुस्तीला आलेल्या ताई हेल्मेट घालूनच स्टुलावर बसून होत्या. मालकांचा दम संपला, तेव्हा त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"घरातल्या घरात म्हणालात, म्हणजे डीचा बॅकअप डीवरच ना? पेटी त्याच पेटीत कशी मावेल? म्हणून कॉम्प्युटर डी सोडतोय."

"भाईर ठिवला अन् चोरीला गेला म्हंजी?"

ताईंनी बाहेरची डिस्क जोडली. ड्रॉइंग एकेक करत सुखरूप उतरली आणि मालक लोण्यासारखे मऊ झाले. त्या गडगडाटातून नेमका कामाचा शब्द वेचणारे कान मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

"ताई, लई बोललो. राग न्हाई ना आला?"

"हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही."