कोर्टात शोधलेलं कॉलेज

माहितीपत्रकांत प्रत्येक लॉ कॉलेजची सगळी मुलं नोकरीला लागलेली असतात. म्हणून स्वतःसाठी कॉलेज निवडायला माझी लेक मुक्ता मला थेट कोर्टात घेऊन गेली. मागच्या बाकावरून आम्ही पाहत होतो. बरेच तरुण वकील उठत आणि सीनियर आले नाहीत म्हणून पुढची तारीख मागत. काही मात्र स्वतःच बाजू मांडत. त्यांना बाहेर गाठून मुक्ता कॉलेज विचारी. पुन्हा पुन्हा एकाच, फारसा गाजावाजा नसलेल्या कॉलेजचं नाव येई. नोकरी लागली हे कागद सांगतो. काम येतं का, हे माणूस उभा राहिल्यावरच दिसतं.

"बाबा, ठरलं," पायऱ्या उतरताना मुक्ता म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात बोलू," मी म्हणालो.

"तारीख मागायची नाही."

मी हरलो, आणि छाती फुगवून घरी आलो.