विष्णुवर्धन नेहमी मीटिंगमध्ये असतो

आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक कंपनी आहे. तिचं नाव ‘पंदी’. तमिळमध्ये पंदी म्हणजे पंगत. गेल्या वर्षापर्यंत त्या कंपनीला फोन लावला की आधी वीणा वाजायची, मग एक गोड आवाज तमिळमध्ये सांगायचा की नवीन गिऱ्हाईक असाल तर एक दाबा, अडचण असेल तर दोन दाबा, तांत्रिक विभाग हवा असेल तर तीन दाबा. एक दाबलं की सुष्मिता बोलायची, दोन दाबलं की श्रीविद्या. तीन दाबलं की कळायचं, तांत्रिक प्रमुख विष्णुवर्धन मीटिंगमध्ये आहेत. ते कायम मीटिंगमध्येच असत. प्रत्यक्षात त्या खोलीत एक टेबल, एक पंखा, माझ्या कॉफीच्या बियांची पोती आणि एकच माणूस होतं. माझी भाची कीर्तना.

मी रघूत्तम. कुंभकोणमला महामखम तलावामागच्या गल्लीत कॉफी भाजतो, दळतो आणि विकतो. आमचे पूर्वज मराठा राजांच्या वेळी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून माझी बायको अजून हसते. ती नागपूरची. तिच्याशी बरोबरीनं भांडता यावं म्हणून मी ही तुमची मराठी शिकलो. भांडणात अजून हरतोच, पण भाषा तेवढी आली.

घराचा उंबरा ओलांडला की आम्ही तमिळ बोलतो. मराठी बाहेर काढायची ती एकाच कामाला: समोरच्या माणसाबद्दल त्याच्या देखत बोलायचं असेल तेव्हा. साडीच्या दुकानात आमच्या बायका हसतमुखानं दुकानदारासमोर मराठीत ठरवतात की हा लबाड आहे, उठा. तो बिचारा आणखी साड्या उलगडत राहतो. ही युक्ती आमच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि आम्हाला तिचा नको तितका अभिमान आहे.

तर कीर्तना. चेन्नईला चांगली नोकरी होती, काचेच्या इमारतीत, जिथे थंडीनं शाल पांघरून बसावं लागतं. एका नातलगाच्या लग्नाला ती इकडे आली. एकाच आचाऱ्याकडे एकाच मुहूर्तावर दोन लग्नं होती. आमच्या हॉलमध्ये दुसरी पंगत बसली, पानं मांडली, पाणी शिंपडलं, आणि भात संपला. तो शिजेपर्यंत पाहुणे रिकाम्या पानाकडे बघत बसले. मुलीचे वडील प्रत्येकापुढे हात जोडत फिरत होते. दुसऱ्या हॉलमध्ये म्हणे भात उरला होता. बाकीच्यांनी घरी जाऊन आचाऱ्याला नावं ठेवली. ही पोरगी मात्र स्वयंपाकघरात जाऊन त्याच आचाऱ्याशेजारी बसली आणि विचारू लागली की किती माणसं आली हे तुम्हाला कोण सांगतं, कधी सांगतं, आणि तुम्ही लक्षात कसं ठेवता. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिनं राजीनामा दिला. माझी बहीण, म्हणजे तिची आई, रडली. मी ओरडलो. तिनं शांतपणे विचारलं, “मामा, वरली खोली रिकामी अहे का?”

मला तो ‘स्टार्टअप’ शब्दच आवडत नाही. आमच्याकडे दुकान काढतात, धंदा करतात. हे कसलं नुसतं सुरूच होत राहणं? पण तिची मेहनत मी खालून रोज ऐकत होतो. आधी तिनं प्रोग्रामची एक ओळही लिहिली नाही. लग्नाच्या स्वयंपाकघरांत जाऊन ती घेवडा चिरत बसली. आचाऱ्यांचे हात ओले, तेलकट, मसाल्यानं माखलेले असतात, ते फोनवर बोट ठेवणार नाहीत, हे तिला तिथे कळलं. म्हणून तिनं बोलून चालणारं सॉफ्टवेअर केलं. “पहिली पंदी बसली, हॉल भरला,” असं आचारी तमिळमध्ये फोनला सांगतो आणि फोन सांगतो की भाताचं आणखी एक भांडं आत्ताच चढवा, सांबार पुरेल, पायस जपून वाढा. स्वयंपाकघर नेहमी हॉलच्या मागे, जाड भिंतीआड. तिथे नेटवर्क येत नाही. म्हणून सगळा हिशेब फोनच्या पोटातच होईल अशी सोय तिनं केली. हे तिनं मला इतक्यांदा समजावलं की आता मीच गिऱ्हाइकांना कॉफीसोबत ऐकवतो.

बनवणं जमलं, विकणं जमेना. तिनं इंटरनेटवर जाहिरात दिली, तर फोन येऊ लागले ते जेवण मागवणाऱ्यांचे. तिरुचीच्या एका गृहस्थानं वाढदिवसाला डोसे मागितले आणि नाही म्हटल्यावर तो तिच्यावरच चिडला. आचाऱ्यांच्या घरी गेली तर ते झोपलेले. मुहूर्ताच्या सकाळी गेली तर हाकलून दिलं. मग तिच्या ध्यानात आलं की आचाऱ्याचे हात दिवसातून एकदाच रिकामे असतात: शेवटची पंगत उठल्यावर, तो स्वतः पान मांडून बसतो तेव्हा. त्या वेळी त्याला कोणी वाढत नाही. ती जायची आणि पदर खोचून वाढायची. ताकभातापर्यंत काही बोलायची नाही. ताकभाताला फोन बाहेर काढायची. असे एकेक करत बरेच लहान आचारी तिनं मिळवले. मी आयुष्यभर विकत आलो आहे, पण असं विकणं मला सुचलं नसतं.

पण प्रत्येक मोठा आचारी एकच विचारायचा, “स्वामीनाथ वापरतो का?”

स्वामीनाथ म्हणजे या भागातला सगळ्यात नावाजलेला आचारी. त्यानं डोशात कढीपत्ता घातला तर महिन्याभरात सगळे घालतील. त्यानं होकार दिला तर कंपनी चालणार, नकार दिला तर संपणार, इतकं सरळ होतं. चेन्नईची जुनी कंपनी तिला परत बोलावत होती, आणि तिनं आईला शब्द दिला होता की तै महिन्यातली, म्हणजे संक्रांतीनंतरची लग्नं संपेपर्यंत स्वामीनाथ आला नाही तर मी परत जाईन.

सुष्मिता, श्रीविद्या आणि विष्णुवर्धन जन्माला आले ते या धास्तीतून. मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, “मामा, येकटी पोर म्हणटलं तं कोण भरवसा ठेवतील हो?” तिची एकच तक्रार असायची, की फोन आला की माझं दळण्याचं यंत्र बंद करावं. मी कधी केलं नाही. गिऱ्हाइकं उभी असतात. ती पलीकडच्यांना सांगायची की हा आमच्या सर्व्हरचा आवाज.

तै महिन्यात स्वामीनाथनं अखेर एक मुहूर्त दिला. एकाच सकाळी दोन लग्नं, एक आडुतुरैला, एक तिरुनीलक्कुडीला. आडुतुरैला तो स्वतः, तिरुनीलक्कुडीला त्याचा हाताखालचा आचारी रंगा. कीर्तना आडुतुरैला गेली आणि मला सोबत ओढून घेऊन गेली.

तिरुनीलक्कुडीला नवऱ्या मुलाचं अख्खं गाव आलं. रंगानं फोनला सांगितलं की पहिली पंदी भरून माणसं दारात उभी आहेत. फोननं लगेच भात चढवायला लावला, आणि रंगा हॉलबाहेर येताच निरोप आडुतुरैला पोचला. आमच्याकडे माणसं कमी होती. स्वामीनाथनं भाजी आणि पायस गाडीत घालून रवाना केलं. रिकाम्या पानापुढे कुठेही कोणी बसलं नाही. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, पण मुलीकडच्या बायकांना कोणापुढे हात न जोडता हसत वाढताना पाहिलं आणि मीही पाण्याचं भांडं उचलून वाढू लागलो.

शेवटची पंगत उठली. स्वामीनाथ जेवायला बसला, कीर्तना वाढू लागली. त्याची सगळी माणसं ओळीनं बसली होती. ताकभात आला तसं त्यानं वर बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, “तुमच्या कंपनीत माणसं किती?”

“आठ, अण्णा,” कीर्तना तमिळमध्येच म्हणाली.

आठ! ती धरून चौघं मला माहीत होते, हे आणखी चार कुठून आले? माझा चेहरा बघून ती गडबडली. आणि आमच्या लोकांनी जे पिढ्यान् पिढ्या केलं तेच तिनं केलं. ताकाचं भांडं हातात धरून, तोंडावर हसू ठेवून, मला मराठीत म्हणाली, “असं बघूं नका मामा. आठ कोठें, मी येकटीच अहें. खरं सांगटलं तं हा म्हातारा उठून जाईल. उद्यां मी तापानं पडलें तं काय, हे विचारील. मग काय सांगूं?”

स्वामीनाथनं भाताचा घास खाली ठेवला.

“अगे मूर्खे,” तो म्हणाला. मराठीत. आमच्या मराठीत. “मीठ कमी तं कमी म्हणावं. झांकूं नये. किती वेळ सांगावं तुला, मेले!”

ताकाचं भांडं कलंडलं. कीर्तना पांढरीफटक पडली. मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पुढे तो तमिळमध्ये बोलू लागला. लहानपणी तो एका मराठी घरी स्वयंपाक शिकला. त्या घरच्या वेदवतीबाई त्याच्या गुरू. त्या त्याच्याशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मराठीत बोलत, आणि बोलणं म्हणजे रागावणं. म्हणून त्याला मराठी कळते सगळी, पण बोलता येते ती फक्त रागावण्याची, त्यांच्याच शब्दांत.

“आता सांग,” तो म्हणाला, “तो विष्णुवर्धन? फोन करून करून माझं बोट झिजलं.”

“नाही, अण्णा. कोणीच नाही.”

“बरं झालं. असता तर आधी त्यालाच काढून टाकायला सांगितलं असतं.”

ओळीतली माणसं हसली. कीर्तनाला हसू येईना. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसलेही नाहीत. चेन्नईची बॅग ती मनात भरत असावी. मग तिनं भांडं खाली ठेवलं आणि सगळ्या आचाऱ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, “कंपनी म्हणजे मी एकटी. बनवते मी, विकते मी, फोन उचलते मी. नावं खोटी सांगितली, चूक झाली. काम खोटं नाही.”

“आणि तू तापानं पडलीस तर?”

तिनं त्याचा फोन मागितला, त्याचं नेटवर्क बंद केलं, आपला फोनही बंद करून माझ्या हातात दिला. म्हणाली, “समजा मी पडले. आता विचारा त्याला.” स्वामीनाथनं फोनला संध्याकाळच्या फराळाचं विचारलं. फोननं बोंड्यांचं पीठ, चटणी, कॉफीचं दूध, सगळं सांगितलं. “तुम्ही आजारी पडलात तरी रंगाला रसम येतं ना, अण्णा? तेवढं मी याला शिकवलं आहे. नवीन काही शिकवायचं असेल तर मात्र मी बरी होईपर्यंत थांबावं लागेल.”

ही पोरगी रडत होती आणि तरी तिचा आवाज कापत नव्हता. इतक्या दिवसांत ज्या उत्तराच्या भीतीनं तिनं तीन माणसं जन्माला घातली, ते उत्तर पहिल्यापासून तिच्या कामातच होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी सांडलेलं ताक पुसायला घेतलं, नाहीतर काही तरी वेडंवाकडं बोललो असतो.

स्वामीनाथनं हात धुतले, पान तोंडात घातलं. मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, “लग्नात सांबार बिघडलं तर कोणी विभाग विचारत नाही. ‘स्वामीनाथ कुठे आहे?’ म्हणून ओरडतात. मलाही ओरडायला एक नाव पाहिजे. हिचं नाव कीर्तना. फोन अडला तर हिला हाक मारा.” आणि जाता जाता तिच्याकडे बोट दाखवून मराठीत, “आणि ती वीणा बंद कर गे. कान किटले!”

त्या संध्याकाळी तिनं वीणा बंद केली. सुष्मिता आणि श्रीविद्या गेल्या, विष्णुवर्धनची मीटिंग कायमची संपली. माझ्या बहिणीनं चेन्नईच्या कंपनीला काय कळवायचं हे विचारलं नाही, तिनं कीर्तनाला पोटाशी धरलं तेव्हाच ते कळलं.

पुढच्या मुहूर्ताच्या दिवशी दुकानात बरीच गर्दी होती. वर फोन वाजला. नेहमीच्या सवयीनं मी कान दिला, आता कोणता आवाज काढते ते ऐकायला. ती म्हणाली, “कीर्तना बोलतेय.” तिचाच आवाज, तिचंच नाव. पुढचं यंत्राच्या घरघरीत बुडालं. गिऱ्हाइकं उभी होती, उशीर झाला म्हणून कुरकुरत होती. मी यंत्र बंद केलं. म्हटलं, जरा थांबा, वर कंपनीचा फोन चालू आहे.