मोतद्दाराचं स्थळ

आमच्या घरात द्राक्षबागेचे मालक वडील होते आणि वडिलांची मालक आई. त्यामुळे मला लग्न कोणाशी करायचं आहे हे सांगायचं तर ते आईलाच सांगावं लागणार होतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी नारायणगावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. तो तिथेच गणित शिकवायचा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या जमीन, कालव्याचं पाणी आणि त्या दोन्हींचा ताठा. 'डोंगरातले' हा शब्द आमच्या घरी कसा उच्चारला जायचा ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. नव्वदचं दशक संपत आलं, गावात केबल आली, पण तो उच्चार काही बदलला नव्हता.

तेव्हा मी एक डाव टाकला. पुण्याच्या फूटपाथवरून आणलेली एक इंग्रजी कादंबरी माझ्याकडे होती. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली गोष्ट. एका उमरावाची मुलगी वडिलांच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या प्रेमात पडते. मोतद्दार गरीब, शिवाय सावळा, कारण त्याची आई हिंदुस्थानातली. म्हणजे पैसाही आडवा आणि रंगही. ही गोष्ट आईला ऐकवायची, त्या मुलीच्या दुःखाने तिला रडवायचं आणि ती डोळे पुसत असतानाच आपलं सांगून टाकायचं, असा माझा बेत होता. मुलांना निबंध शिकवणाऱ्या बाईला सुचावा तसलाच तो बेत.

फेब्रुवारी-मार्चात आमच्या शेडमध्ये द्राक्षांचं पॅकिंग चालायचं. दहा-बारा बाया गोल बसून कात्रीने घडातले फुटके मणी काढायच्या आणि घड पेटीत लावायच्या. आई त्यांच्यातच बसायची. हात गुंतलेले, कान मोकळे. शाळा सकाळची असल्याने दुपारी मी पुस्तक घेऊन तिथे बसू लागले. इंग्रजीत बघायचं आणि मराठीत सांगायचं.

पहिल्याच दिवशी सगळं फिसकटलं. उमरावाचा महाल, झुंबरं, मुलीचे रेशमी झगे, हे मी अगदी तब्येतीत सांगितलं. मग मोतद्दार आला. त्याची आई आपल्याकडची होती असं म्हणताच आणे गावाकडच्या कोरड्या पठारावरून हंगामाला येणारी एक ठसकेबाज बाई कात्री थांबवून म्हणाली, "म्हंजे पोरगं आपलं हाय म्हण की!"

"कुठल्या गावचं?" दुसरीने विचारलं.

"पुस्तकात दिलेलं नाही."

"आसं कसं? आईला गाव न्हाई व्हय?"

बराच खल होऊन त्याचं आजोळ जुन्नरच्या बाजूला कुठेतरी ठरलं. तेव्हापासून अख्खी शेड मुलाकडची झाली. मी मुलीसाठी रडवायला गेले होते, तर या बाया पदर सावरून मुलगी बघायला बसल्या.

मुलगी काही पसंत पडेना. मी म्हटलं, तिचा रंग दुधासारखा आहे. "फिक्कट हाय म्हण. अंगात रगत न्हाई." मी म्हटलं, ती पियानो वाजवते. "आन् सैपाक?" स्वयंपाक नोकर करतात. "आंघोळीचं पाणी?" तेही नोकरच काढतात. आण्याची ती ठसकेबाज बाई कळवळली. "त्या पोराच्या आईचं कसं व्हायचं गं? म्हातारपणी सुनंला पाणी काढून द्यायचं का तिनं?" मुलगी त्याच्यासाठी घर सोडून भर पावसात निघते, ते प्रकरण सांगताना मला स्वतःलाच हुंदका आला. शेडमधून एकच प्रश्न आला: "छत्री न्हाई घेतली?"

आईही सगळ्यांबरोबर हसायची. मला मात्र राग यायचा. त्या मुलीची बाजू कोणी घेत नव्हतं, म्हणजे माझी कोण घेणार? मग विचार केला, निदान मुलगा तरी सगळ्यांना आवडतोय, त्यालाच आणखी चढवावं. आणि मी पुस्तक सोडून पदरचं घालायला लागले. मोतद्दार दिवसेंदिवस उंच, हुशार आणि हसरा होत गेला. कादंबरीत त्याचे केस कुरळे होते, ते मी सरळ केले.

एका दुपारी तो उमरावाच्या स्वयंपाकघरात चहा पितो असा प्रसंग आला. मी सांगून गेले, "चहा पिऊन झाल्यावर त्याने कपबशी स्वतः विसळली, रुमालाने पुसली आणि कप बशीवर पालथा घालून ठेवला."

आईची कात्री थांबली. आमच्या घरी येऊन असं एकाच माणसाने केलं होतं. जानेवारीत तो उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला आला होता तेव्हा. आईने दोन दिवस सगळ्यांना सांगितलं होतं, काय वळण लावलंय बघा गुरुजींना. पण तो कपबशी विसळायला मोरीपाशी उठून गेला तेव्हा 'असू द्या' असं काही ती म्हणाली नव्हती, आणि ते मला फार लागलं होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. "काय गं," ती म्हणाली, "ह्यो मोतद्दार गणित शिकवतो व्हय?"

बाया खाली माना घालून मणी काढू लागल्या. मी पुस्तक मिटलं. गोष्ट तिथेच बंद पडली.

तीन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "रविवारी त्याच्या घरी जायाचं. त्याच्या आईला तोंडावर सांगते, पोराला आवर म्हणून. तूबी चल. कुठं पडायला निघालीस ते डोळ्यांनी बघ." शाळेत मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईशी बोलून आजवर कोणी जिंकलेलं नाही." मला त्यातून धीर आला. काय म्हणून आला कोण जाणे.

रविवारी आईने ठेवणीतली साडी नेसली आणि द्राक्षांची एक पेटी बांधून घेतली. नाही म्हणायला निघालो तरी मोकळ्या हाताने कसं जायचं! एसटीने घोडेगाव, तिथून पुढे जीप. जीपमध्ये पेटी माझ्या मांडीवर आणि आईचा राग माझ्या शेजारी.

त्याची आई घरी नव्हती. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, त्यासाठी पालापाचोळा गोळा करायला गेली होती. थोड्या वेळाने तिच्या दुप्पट आकाराचा भारा डोक्यावर घेऊन आली. तो खाली टाकला, आम्हाला पाणी दिलं आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तो स्वतः कुठे दिसत नव्हता. मागच्या दाराने खाचरात पसार झाला होता, हे त्याने मला लग्नानंतर सांगितलं.

आईने घसा खाकरला. पण ती काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "बरं झालं ताई, तुमीच आलात. मी येणारच व्हते. तुमच्या पोरीला आवरा."

तिने माझ्या हातांकडे बोट दाखवलं.

"आमाला वझं वाहणारी, चिखलात उभं राहून भात लावणारी सून पायजे. ही सावलीतली हाय. चार दिस ऱ्हाईल, रडंल, माघारी पळंल. मंग माझ्या पोरानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

आई थोड्याफार फरकाने हेच सांगायला आली होती. पण दुसरीच्या तोंडून ते ऐकल्यावर तिचा चेहरा लाल झाला.

"माघारी पळंल? माझी पोर?" ती उठून उभी राहिली. "आवो, धाव्वीला अंगात ताप व्हता तरी हिनं सगळे पेपर दिले. हिचा बाप दवाखान्यात व्हता तवा बागंची फवारणी हिनं उभं राहून करून घेतली. हट्टी हाय, तोंडाळ हाय, पर धरल्यालं सोडत न्हाई. तुमच्या पोराला सोडायची न्हाई ती!"

आईने माझं कौतुक केलेलं मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं. सावलीतल्या पोरी अशाच रडतात, अशा नजरेने त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं.

"भाकरी येती का?" तिने विचारलं.

"येती की!" आई म्हणाली. मला पोळीसुद्धा धड येत नव्हती. आई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिच्यावर माझा इतका जीव त्याआधी कधी जडला नव्हता.

"बघू. इचार करून सांगते," त्याची आई म्हणाली आणि तिने आम्हाला जेवायला वाढलं.

परतीच्या जीपमधून घोडेगाव दिसू लागलं. तेव्हा आई एकदम म्हणाली, "मी न्हाई म्हणायला गेले व्हते ना गं?"

"हो."

"आन् ती मलाच इचार करून सांगते म्हणली?"

"हो."

आईने पदर खोचला.

"उद्यापासनं शाळा सुटली की चुलीपाशी बसायचं," ती म्हणाली. "ती हो म्हणंस्तोर मी तिला सोडत न्हाई."